मधला पडदा

दवाखान्याच्या पायरीवर तुळजाबाई आडवी उभी होती.

"आली का डोळस बाई! माझ्या नवऱ्याला चार दिस कोठडीत डांबलंस, आता तरी जीव गार झाला का?"

रत्नाबाईनं धाकट्या जावेकडं पाहिलंसुद्धा नाही. "वाट सोड. माझा माणूस आत मरणाला टेकलाय," म्हणाली नि पदर खोचून आत गेली.

मंगळवारी सकाळी कासारसाईच्या शिवारात तिचा नवरा जयसिंग आणि त्याचा धाकटा भाऊ नथू बांधावरून भांडले होते. मोजणी झाल्यापासून दोन घरांत पाण्याचा तांब्यासुद्धा जात-येत नव्हता. रत्नाबाई न्याहारी घेऊन निघाली होती. उसाच्या आडून तिला नुसता आरडाओरडा ऐकू आला. पुढं होऊन बघते तर जयसिंग बांधावर आडवा, शुद्ध नाही, आणि नथू हातात पहार घेऊन उभा.

ठाण्यात तिनं सांगितलं, नथूनं डोक्यात पहार घातली. हवालदारानं लिहून घेतलं, 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले', आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. तिनं ती मागं लोटली. साठी उलटल्यावर सुनेकडून अक्षरं शिकली होती ती. फिर्याद बोट ठेवून वाचली, त्या ओळीपाशी जरा थांबली, आणि खाली ऐटीत सही ठोकली.

दवाखान्यात आत डॉक्टरीणबाई मेंदूचा फोटो उजेडाला धरून सांगत होत्या. "आजी, बाहेरून मार कुठंच नाही. कातडी शाबूत, हाड शाबूत. आतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती, ती फुटली. सबअरॅक्नॉइड हॅमरेज. ऑपरेशन करून तिथं क्लिप लावलीय. आता वाट बघायची."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर रत्नाबाई सुनेला म्हणाली, "ते नाव लिव."

ज्ञानदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिनं फोटोच्या रिकाम्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. रत्नाबाईनं एकेक अक्षर जुळवून वाचलं.

"म्हंजे काय?"

"मेंदूवर तीन पडदे असतात, आत्या. मधला कोळ्याच्या जाळ्यासारखा. ग्रीक भाषेत कोळ्याला अराख्ने म्हणतात, त्यावरून त्या पडद्याचं नाव अरॅक्नॉइड. त्याच्या खाली रक्त साचलं, म्हणून सब. आमच्या प्राणिशास्त्रातही त्यावरूनच एक नाव आहे. कोळी, विंचू, गोचीड, सगळे अरॅक्निडा. एकाच कुळातले."

"एक जाळं लावतो, एक नांगी मारतो, एक रगात पितो," रत्नाबाई म्हणाली. "आमची भावकीच की मग."

ज्ञानदाला हसू आलं, पण सासूचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"म्हंजे त्यानं मारलं न्हाई."

"नाही, आत्या."

भिंतीला टेकून उभा असलेला तिचा मुलगा अमोल फणकारला. "न्हाई मारलं तर न्हाई! रागानं नस फुटली असंल, आणि राग कुणी आणला? चुलत्याला बसू दे आत. मोजणीच्या दिवशी माझ्या अंगावर धावून आलेला, इसरलीस?"

"इसरले न्हाई."

"मग गप ऱ्हा. लईच वाटत असंल तर सांग, मला वाचता येत न्हाई, हवालदारानं काय लिवलं ते कळलं न्हाई. अडाणी म्हातारीला कोण काय म्हणतंय?"

रत्नाबाई पाकीट हातात घेऊन उठली. "तू म्हण अडाणी. तुज्या बायकोनं तीन वरीस माज्यासंगं डोळं फोडलं, ते मी पुसू व्हय?"

ठाण्यात हवालदार कंटाळल्या सुरात म्हणाला, "आजी, फिर्याद फिरवलीत तर खोटी फिर्याद केली म्हणून तुमच्यावरच बेतेल."

"बेतू द्या. लिवा."

त्यानं लिहिलं. तिनं कागद ओढून घेतला आणि बोट फिरवत वाचायला लागली. मध्येच बोट थांबलं.

"हितं 'गैरसमजातून' लिवलंय. ते खोडा."

"अहो, तुमच्याच सोयीचं आहे ते."

"गैरसमज न्हवता. मी काय बी बघितलं न्हवतं. दीर आत जावा म्हणून सांगितलं. तसं लिवा."

हवालदारानं तिच्याकडं बघितलं, मग नवा कागद घेतला. या खेपेला तिच्या सहीतला शेवटचा फराटा वाकडा आला.

जाताना कोठडीसमोरून जावं लागलं. चार दिवसांत नथूची दाढी पांढरी दिसायला लागली होती. तो गजाला धरून उभा राहिला.

"वैनी, दादा?"

"जित्ता हाय."

नथूनं डोळे मिटले. ती पुढं निघाली होती, पण फिरली.

"पहार कशाला आणलीवतीस?"

नथूनं नजर खाली घातली.

"इचारतीया मी."

"दगड उपटाया."

"बांधाचा?"

"व्हय."

 रत्नाबाईनं पाकिटाची घडी केली आणि कमरेला खोचली.

"दगड हाय तितंच ऱ्हाऊ दे, नथू. पुन्हा पहार घालशील त्या दिशी मी बांधावर उभी असंन. त्या दिशी खरंच डोळ्यांनी बघीन, आणि लिवीन बी."