सात ठोकळ्यांचं कोडं

“आधी सही करा, मग काय ते बाण काढत बसा,” असं म्हणून लीलाने कागद शशिधरच्या नाकासमोर धरला.

शशिधरने मान वर केली नाही. केलरच्या, म्हणजे तळघरातल्या सामानाच्या खोलीच्या, दाराशी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उलटा घालून तो त्यावर बसला होता आणि मांडीवरच्या वहीत चौकोन काढून ते बाणांनी जोडत होता. उद्या सकाळी दहाला घर मालकाच्या ताब्यात द्यायचं होतं. वरचं घर धुऊनपुसून मोकळं झालं होतं. खाली तळघरातल्या या खोलीत मात्र एकतीस वर्षांचा पसारा छातीएवढा उभा होता.

“हो हो, करतो. हे बघ, कपाट बाहेर काढायचं तर आधी खोके काढायला हवेत. खोके ठेवायला जागा फक्त कपाटाच्या मागे. म्हणजे कपाट हलल्याशिवाय खोके हलत नाहीत आणि खोके हलल्याशिवाय कपाट. आल्झो, तर मग, क्रम ठरवल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही.”

“बोळात ठेवा ना तोवर.”

“बोळात सामान ठेवायला मनाई आहे. नियमच आहे तसा.”

लीलाने कपाळावर हात मारून घेतला. मग पदर खोचावा तशी स्वेटरच्या बाह्या वर सारून तिने पहिला खोका उचलला, समोरच्या धुण्याच्या खोलीत नेला आणि फ्राऊ क्रेमरच्या वॉशिंग मशीनवर ठेवून दिला.

“अगं, ते क्रेमरबाईंचं मशीन!”

“बाराशिवाय खाली उतरत नाहीत त्या. उतरल्याच तर मी बघते त्यांच्याकडे.”

वीस मिनिटांत अकरा खोके पलीकडे गेले आणि कपाट भिंतीपासून सुटलं. शशिधर वहीत तेव्हा नववा बाण काढत होता.

माणूस वाईट नव्हता. उलट इतका सज्जन, की भांडायला बसलं तर दोन वाक्यांत भांडण संपून जायचं आणि लीलाचा राग तिच्याजवळच शिल्लक राहायचा. पण कुठलीही गोष्ट हातावेगळी करणं म्हणून त्याच्या पत्रिकेत नव्हतं. भाजी आणायला जाताना तो दुकानांचा क्रम लावायचा आणि क्रम लावून होईतो दुकानं बंद व्हायची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे गृहीत धरूनसुद्धा.

आता हा कागदच घ्या. नव्या घराच्या बेलशेजारी नावाची पट्टी लागते. तिच्यावर काय छापायचं ते व्यवस्थापनाला लिहून कळवायचं होतं. लीलाने कागद भरून, सही करून ठेवला होता. हवी होती ती फक्त याची सही, आणि कागद चार दिवस टेबलावर पडून होता.

जुन्या पट्टीवर ‘शेवडे’च्या डाव्या अंगाला थोडी मोकळी जागा होती. ती लीलाने हट्टाने सोडायला लावली होती. या देशात नावाआधीचं ‘डॉक्टर’ बेलवरसुद्धा लिहितात. वरच्या मजल्यावरच्या क्रेमरांच्या पट्टीवर ते होतं. शशिधर तेव्हा संध्याकाळी बसून प्रबंध पुरा करतो म्हणत होता, तर आज ना उद्या दोन अक्षरं चढवायला जागा असावी एवढाच तिचा हिशेब. एकतीस वर्षं ती जागा तशीच राहिली. येताजाता लीलाला ती दिसायची आणि दर वेळी तिचं डोकं फिरायचं.

शशिधर १९८३ साली सांगलीहून जर्मनीतल्या एका तांत्रिक विद्यापीठात आला. यंत्राला विचार करायला शिकवायचं, हा त्याचा विषय. आता शेंबडं पोरही फोनशी गप्पा मारतं, पण तेव्हा ‘विचार’ म्हणजे ठोकळे रचणं होतं. पडद्यावर रंगीत ठोकळे काढायचे, शेवटी कुठला कशावर हवा तेवढं यंत्राला सांगायचं, आणि आधी कुठला उचलायचा, नंतर कुठला, ते त्यानं स्वतः शोधायचं. एक चाल, तिच्यापुढे शक्य असतील त्या सगळ्या चाली, त्या प्रत्येकीपुढे आणखी. चुकलं तर मागे यायचं आणि दुसरी वाट धरायची. सहा वर्षं शशिधर हेच करत होता. त्यांच्या लेकीने, मनूने, दीड वर्षाची असताना तेच काम एका दुपारी शिकून घेतलं, हे लीलाने त्याला कितीदा तरी ऐकवलं होतं.

त्याच्या प्रबंधाच्या शेवटी चाळीस कोडी होती. एकोणचाळीस प्रोग्रामने सोडवली. चाळिसावं, सात ठोकळ्यांचं, सुटेना. मशीन रात्रभर चालायचं, सकाळी मेमरी भरून बंद पडलेलं असायचं. प्रोफेसर इथल्या रीतीने ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, लावून म्हणाले, “हेर शेवडे, एकोणचाळीस पुष्कळ झाली, द्या सादर करून.” लीला म्हणाली, “अहो, द्या एकदाचं.” हा म्हणाला, जो प्रोग्राम सात ठोकळ्यांशी अडतो, त्याच्यावर सही कशी करू? मग तो प्रोग्राममधली चूक शोधत बसला. दोन वर्षांनी नेमणूक संपली, या विषयावरचा सगळ्यांचाच उत्साह ओसरला, प्रोफेसर निवृत्त झाले. शशिधर कोलोन शहरात बसचालकांच्या ड्युट्या लावणाऱ्या कंपनीत लागला आणि तिथूनच गेल्या वर्षी बाहेर पडला.

अकराला बेल वाजली. ईप्सिता आली होती, शशिधरच्या विद्यापीठातल्या जुन्या संस्थेत हल्ली पीएच.डी. करणारी पुण्याची मुलगी. संस्थेला पन्नास वर्षं होताहेत म्हणून जुन्या कामाचं प्रदर्शन मांडायचं होतं. एका पिवळ्या पडलेल्या अहवालात तिला शेवडे हे नाव दिसलं आणि तिने मेल केली होती. ती मेल आल्यापासून शशिधर रोज दाढी करत होता.

“काका, मला एकच खोका न्यायची परमिशन आहे हं,” जिना उतरतानाच तिने सांगून टाकलं. “रेल्वेनं आलेय.”

“गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर. एकच पुरेल. हे बघ, हे मूळ प्रिंटआउट. आणि हे ते ठोकळे.”

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खरेखुरे सात लाकडी ठोकळे होते. शशिधर विचार करताना ते टेबलावर मांडायचा. निळ्याच्या एका कोपऱ्यावर मनूच्या दातांच्या खुणा होत्या.

“आई गं, किती क्यूट!” ईप्सिता जमिनीवर फतकल मारून बसली आणि घडीघडीचे लांबलचक कागद उलगडू लागली. “टायपिंग काय सुंदर आहे, काका. एक खाडाखोड नाही.”

“ते हिचं,” शशिधर म्हणाला.

लीलाला बरं वाटलं. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिच्या बॅगेत कराडच्या इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट होतं. टायपिंगची साठ शब्दांची परीक्षा, चुका शून्य. शशिधरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यामुळे प्रबंधाची पानं, कोड्यांच्या याद्या, सगळं तिनेच मशीनवर चढवलं. पुढे वकिलाच्या कचेरीत सत्तावीस वर्षं तिने जर्मन पत्रं टाइप केली. तिथला वकील, स्वतः ‘हेर डॉक्टर’, तोसुद्धा तिच्या कागदावर न वाचता सही करायचा. शशिधर तर प्रोफेसरांचा स्वल्पविरामही तपासून घ्यायचा, पण लीलाने टाइप केलेल्या पानावरून त्याने कधी नजर फिरवली नाही.

“हेच का ते चाळिसावं?” ईप्सिताने एक पान वर धरलं. “काका, रन करून बघू? आमचे प्लॅनर प्रोग्राम आता हजार हजार ठोकळे घेतात. दोन मिनिटं फक्त.”

ईप्सिताने लॅपटॉप खोक्यावर ठेवला आणि पानावरच्या ओळी भराभर आत घातल्या. छत्तीस वर्षं अडलेली गोष्ट आता ही पोर चुटकीसरशी सोडवणार आणि हा माणूस कोसळणार, अशी भीती वाटून लीला दोन पावलं त्याच्याजवळ सरकली.

“आलं?” त्याने विचारलं.

“काका...” ईप्सिता गोंधळली. “हे म्हणतंय, उत्तरच नाहीये.”

“नाही कसं? सात तर ठोकळे.”

“थांबा हं.” तिने पानावर बोट ठेवलं. “निळा पिवळ्यावर. पिवळा लालवर. आणि ही तिसरी ओळ, लाल निळ्यावर. फिरून तिथेच येतंय, काका. हे होणारच नाही कधी.”

लीलाने डब्यातून तीन ठोकळे काढले. खाली लाल, त्यावर पिवळा, त्यावर निळा. आता लाल निळ्यावर हवा, आणि लाल तर सगळ्यांत खाली. तिने उगाच एकदा निळ्याकडे, एकदा लालकडे पाहिलं. हे मनूनेसुद्धा सांगितलं असतं.

“म्हणजे तुमचा प्रोग्राम बरोबर होता,” ईप्सिता म्हणाली. “नसलेलं उत्तर शोधत होता बिचारा. तुम्ही ही यादी चेक नव्हती केली?”

शशिधरने खोक्यात हात घालून एक निळी फाइल काढली, थोडी उघडून आत पाहिलं आणि मिटली.

“मीच चुकीचं लिहून दिलं असणार,” तो म्हणाला. “हो, माझंच. लाल हिरव्यावर हवा होता.” मग तो हसला. “म्हणजे प्रोग्राम बरोबर होता तर!”

लीलाचा मात्र बांध फुटला. परकी मुलगी समोर बसली आहे याचंही तिला भान राहिलं नाही.

“हसताय काय? छत्तीस वर्षं! प्रोफेसर सांगून थकले, मी सांगून थकले. सगळ्या जगाच्या चुका काढता, आणि स्वतः काय लिहून दिलंय ते एकदा बघावंसं नाही वाटलं? लोक काय काय झाले, आणि आपण? एका ठोकळ्यापायी! अहो, किती तो निष्काळजीपणा!”

“चुकलं गं,” शशिधर म्हणाला.

“चुकलं म्हणे! दुसरं काय येतं तुम्हाला?”

ईप्सिता लॅपटॉपच्या वायरची गुंडाळी करत राहिली. थोड्या वेळाने तिने प्रिंटआउट आणि ठोकळ्यांचा डबा खोक्यात भरला. “काका, हाताने लिहिलेल्या नोट्स असतील ना? प्रदर्शनात छान दिसतील.”

“त्या नाहीत. कधीच गेल्या.”

ती गेल्यावर लीला रद्दी उचलू लागली. कागदांची निळी कचरापेटी अंगणात होती. चौथ्या खेपेला तिच्या हाती घट्ट घडी घातलेलं एक वर्तमानपत्र आलं. ज्या माणसाने कधी काही टाकलं नाही, तो टाकायच्या कागदाला पुडी कशाला बांधेल? तिने घडी उघडली.

आत एकच पान होतं, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षराचं. कोडं चाळीस. निळा पिवळ्यावर. पिवळा लालवर. लाल हिरव्यावर. प्रत्येक ओळीपुढे तांबड्या पेन्सिलीची छोटी खूण होती. टाइप झाल्यावर ताडून पाहिलं, की लीला करायची ती खूण.

तिला ती संध्याकाळ आठवली. संस्थेत कुणी नव्हतं, अडीच वर्षांची मनू तापाने कण्हत मांडीवर होती आणि ठोकळा तोंडातून सोडत नव्हती. एका हाताने तो काढून घेत लीला दुसऱ्या हाताने टाइप करत होती. तो ठोकळा निळा होता.

अंगणात उभ्या उभ्या लीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने यादी छत्तीस वर्षं तपासली नाही, कारण ती तिने टाइप केलेली होती. आज फाइल किंचित उघडली आणि त्याला सगळं कळलं. कळून त्याने तिची बोलणी ऐकून घेतली. आता या माणसावर रागवायचीही सोय उरली नाही, आणि या गोष्टीचाच तिला पुन्हा नव्याने राग आला. तिने पान पुन्हा वर्तमानपत्रात घातलं, होतं तशीच घडी केली, पेटीत खाली ढकललं आणि झाकण लावलं.

खाली शशिधर रिकामी खोली झाडत होता. कोपऱ्यातला कचरा आधी मध्ये आणावा की दाराकडे, असा विचार करत तो केरसुणी धरून उभा होता.

लीलाने खिशातून कागद काढला. “सही राहिलीय.”

“हो गं, विसरलोच. दे.”

“आधी वाचा. नीट तपासा आणि मग करा.”

“तू भरलायस ना?” असं म्हणून शशिधरने कागद भिंतीवर टेकवला आणि न पाहता सही ठोकून परत दिला.

लीला क्रेटवर बसली. तळघराच्या मिणमिणत्या दिव्याखाली तिने नावाच्या प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत तो कागद वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचला.