उघडी बरणी

"आता फेस येत न्हाई," चूळ थुंकून मंजुळा म्हणाली. बोलताना पदर तोंडावरच होता.

रंगरावांना एवढा आनंद झाला की चहा अर्धा टाकून ते चिंचवडच्या दवाखान्यात गेले आणि बायकोला गुण आल्याचं त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं. नऊ वर्षं ते तिथं कंपाउंडर होते. पंचक्रोशी त्यांच्या हातचं औषध विश्वासाने घेई, पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तशी घरची गत होती.

मंजुळाच्या हिरड्यांतून वर्षभर रक्त आणि पू येत होता. तोंडाला घाण वास सुटला होता. एकदा ती जवळ येऊन काही सांगत असताना रंगरावांनी नकळत मान वळवली, आणि त्या दिवसापासून पदर तोंडावर आला. विहिरीपर्यंत ऐकू जाणारं तिचं हसू बंद झालं. महाळुंग्याला भाचीच्या लग्नातही ती खांबाआड बसून राहिली. पुण्याच्या दातांच्या डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती, तेवढ्यात हिरड्या सुधारल्या नाहीत तर पुढचे चार दात काढावे लागणार होते.

आणि ही बाई काय करी, तर हिरड्यांवर मिश्रीचा थर देऊन वरून फडकं घट्ट बांधी. का, तर वारं लागेल. रंगरावांनी दवाखान्यातून चूळ भरायच्या औषधाची गडद तपकिरी बाटली आणून दिली होती, आणि तिच्यापुढे डोकं फोडून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

"अगं, या जंतूंना वारंच सोसत नाही," ते सांगत. "हिरडीच्या खाचेत, जिथं हवा पोचत नाही, तिथं ते माजतात. हे औषध तोंडात गेलं की त्यातून हवा सुटते, तोच फेस. फेस आला म्हणजे जंतू मरतायत, थांबला की संपले. वारं लागू दे."

फेफरं आल्यासारखा तो फेस बघून ती आधी घाबरली होती. पण अखेर तिनं ऐकलं. मिश्री सुटली, फडकं सुटलं, आठवड्यात फेसही थांबला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी भाकरी चावताना तिचा पुढचा दात हलला. रंगराव दुपारी जेवायला आले तर ती ताट तसंच ठेवून बसलेली. ते औषध शोधायला उठले. तपकिरी बाटली कोपऱ्यात रिकामी होती, आणि खिडकीत भर उन्हात काचेची एक बरणी उघडी ठेवलेली होती. त्यांनी त्यातला घोट तोंडात घेतला. ना चुरचुर, ना बुडबुडा. निव्वळ पाणी.

"झाकण कुठंय हिचं?"

"झाकन कशाला? तुमीच म्हनला व्हता ना, वारं लागू दे. त्या काळ्या बाटलीत औषधाचा जीव कोंडत व्हता. मी रोज उनवाऱ्यात ठिवते."

रंगराव संतापले. तिच्यावर, मिश्रीवर, सगळ्या गावावर. मग तो संताप फिरून त्यांच्यावरच आला. औषधातली हवा उन्हात, उघड्यावर केव्हाच उडून गेली होती. फेस थांबला तेव्हा जंतू मेले नव्हते, औषध मेलं होतं. नऊ वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून बाटली देताना प्रत्येकाला ते बजावत, सावलीत ठेवा, बूच घट्ट लावा. घरच्या बाईला तेवढंच सांगायचं राहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांचा शब्दन् शब्द ऐकला, आणि तो असा.

नवी बाटली आली, पण उशीर झाला होता. पुण्याला चार दात गेले.

हिरड्या भरून आल्यावर एका संध्याकाळी शेजारची अंबुबाई ओट्यावर बसून घरची गंमत सांगत होती. तिचा नवरा पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात नव्याने लागला होता. तिथं डोक्याला बांधायला दिलेलं पांढरं फडकं तसंच ठेवून तो घरी आला, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईनं ते सुतकाचं समजून त्याला दारातच विचारलं, आपल्यात कोण गेलं म्हणून. मंजुळाला हसू फुटलं आणि सवयीनं पदर वर गेला.

रंगराव उंबऱ्यावर बसले होते. "पदर काढ," ते हळू म्हणाले. "वारं लागू दे."

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पदर खाली घेतला आणि पुढच्या त्या मोकळ्या जागेसकट हसली. रंगरावांनी मान वळवली नाही.