खापरीवरचे दोन देव

माझी नात नुपूर जपानात, क्योतोच्या विद्यापीठात डॉक्टरेट करते; सध्या मी तिच्याकडेच राहते. आम्ही पेणकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. तिने विषयही ज्यूंचाच घेतला: बायबलात न आलेलं जुनं लिखाण. अडीच हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये, नाईलमधल्या एका बेटावर ज्यू शिपाई राहत. त्यांची पत्रं, लग्नाचे करार, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर लिहिलेल्या चिठ्ठ्या.

शुक्रवारी तिला सेन्सेईंसमोर, म्हणजे तिच्या सरांसमोर, प्रबंधाचं एक प्रकरण वाचायचं होतं. ते पार पडलं तर मलिदा करीन, आमचा नवसाचा गोड पोह्यांचा, असं मी मनाशी बोलले होते. बुधवारी मी प्लास्टिकचा कचरा वेगळा काढत बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "आजी, ऐक. एक ज्यू मित्राला लिहितो, आपल्या देवाचा आणि खनुमाचा तुला आशीर्वाद. खनुम म्हणजे तिथल्या मिसरी लोकांचा देव. म्हणजे हे दोघांनाही भजत होते. माझं अख्खं प्रकरण या ओळीवर उभं आहे."

"लिहिलं कुणी?"

"सांगितलं ना, ज्यूनं."

"तसं नाही गं. हात कुणाचा?"

तिने खापरीचा फोटो मोठा करून पाहिला.

"तुझे आजोबा मुंबईला गोदीत होते. मला अक्षर येत नव्हतं. माझी पत्रं जोशी गुरुजी लिहून द्यायचे. वर मधोमध 'श्री गजानन प्रसन्न'. म्हणून काय मी गणपती बसवत होते?"

नुपूर खो खो हसली आणि एकदम थांबली. "आजी, तू माझं प्रकरण बुडवलंस."

"नको ऐकूस माझं. पन्नाशीत मुळाक्षरं गिरवलेली बाई मी."

पण तिने ठाण्याला बापाला फोन लावला. त्याने ट्रंकेतल्या नऊ पत्रांचे फोटो पाठवले. सातांवर गजानन. दोनांवर ७८६.

"हे काय?"

"गुरुजी आजारी होते. ती शेजारच्या अब्बास तांडेलांनी लिहिली."

"दोन हजार वर्षांनी कुणाला सापडलीस तर तुझे तीन धर्म निघतील!"

दोन दिवस बसून तिने प्रकरण बदललं.

शुक्रवारी सायकल लावून ती धावतच वर आली. सेन्सेईंनी विचारलं होतं, मग या खापरीवरून कळतं तरी काय? ही म्हणाली, "पाठवणारा कुणाला भजत होता ते या एका ओळीवरून सांगता येत नाही. पण दोन देवांची नावं शेजारी शेजारी लिहिण्याइतकी ती माणसं जवळ राहत होती, हे नक्की." मग त्यांनी माझी पत्रं पाहिली, एकाचा अर्थ विचारला. हिने सांगितला: बकरी व्याली, आमसुलं वाळत घातलीत, लवकर या. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, आजींचं नाव तळटीपेत घाला.

"पूर्ण नाव लिहून दे, आजी. तुझ्या हातानं."

मी कागद घेतला, चष्मा लावला आणि नीट, सावकाश लिहून दिलं.

कागद बघून ती ओरडली, "आजी!"

वर मधोमध मी 'श्री' काढला होता. पत्र असंच सुरू होतं, मला दुसरं कुठे माहीत?

"आता हात तर तुझाच आहे," ती डोक्याला हात लावून म्हणाली आणि तळटीप वाढवायला बसली.

मी पोहे भिजत घातले. गूळ होता, ओलं खोबरं मात्र मिळालं नाही. सुक्यावर भागवलं.