एक्स-रेच्या दारात

तुर्भ्याच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि भर दुपारी जखमींच्या गाड्या रुग्णालयात येऊ लागल्या. एक्स-रे विभागात मिताली एकटीच होती. दोन टेक्निशियन नोकरी सोडून गेले होते, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. स्ट्रेचर ढकलायला माणूस नाही म्हणून फिजिओथेरपिस्ट केयूर आपणहून खाली आला होता.

दारात जवळच्या सारसोळे गावातला हितेश उभा होता. त्याच्या बापाचा, नामाचा, पाय मोडून वाकडा झाला होता. नामा वेदनेने विव्हळत होता. मागच्या स्ट्रेचरवर एक कामगार गप्प पडला होता, ओठ निळे पडलेले. मितालीने त्याला आधी आत घेतलं.

"माजा बापूस पयला आलाय," हितेश म्हणाला.

"याला श्वास घेता येत नाहीये, दादा. जरा थांबा."

हितेशने स्टीलचं स्टूल उचलून दाराशेजारच्या काचेवर हाणलं. केयूर मधे पडला, तर पुढचा घाव त्याच्या कपाळावर बसला. मग हितेशने मितालीला केसांना धरून बाहेर ओढलं. तिने चौकट घट्ट पकडली. त्याने ते जड दार तिच्या हातावर लोटलं, आणि पुन्हा लोटलं. बोटं मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. वॉचमन लिफ्टपाशी थिजून उभा होता.

"हित्या, सोर तिला," नामा म्हणाला. "मी थांबतंय."

तोवर लोकांनी हितेशला खाली पाडून तुडवायला सुरुवात केली होती. मिताली आत गेली. रक्ताने एक डोळा मिटलेल्या केयूरने कामगाराला धरून बसवलं, तिने डाव्या हाताने बटण दाबलं. पडद्यावर एक फुप्फुस पार मिटलेलं दिसलं. डॉक्टरांनी तिथेच बरगड्यांमधून नळी घातली आणि माणूस वाचला. मग तिने नामाच्या पायाचा एक्स-रे काढला.

संध्याकाळी मॅनेजर वैशाली मॅडम म्हणाल्या, "इथलीच माणसं आहेत. मिटवून टाक."

"मी किती दिवस माणूस मागतेय, मॅडम. तक्रार मी देणारच."

पोलीस आले तेव्हा नामा पोराला सांभाळून घेईल असंच सगळ्यांना वाटलं. त्याने जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्याच पनवेलच्या शाखेतून दोन टेक्निशियन आले. केयूरने फोन करून सांगितलं. मितालीला आधी हायसं वाटलं. मग इतका संताप आला की तिने फोन भिंतीवर फेकला.