खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची खुर्ची आहे. खुर्ची म्हटलं म्हणून लगेच मला जेवणाच्या टेबलाशी ओढू नका! मला तीन चाकं आहेत. दोन मोठी, मागे, जराशी तिरकी, आणि एक लहान, पार पुढे. माझ्यावर गुडघे मुडपून बसायचं, हातात जाड मोजे घालायचे आणि मोठ्या चाकांना लागून असलेल्या रबरी कड्यांवर दणादण ठोसे हाणायचे, की मी पळते.

माझा जन्म हडपसरच्या एका छोट्या कारखान्यातला. माझ्या पहिल्या खेळाडूने खेळ सोडला आणि मी बिबवेवाडीच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडले. लोकांनी माझ्यावर पायपुसणी वाळत घातली. एक मांजरी तर माझ्यातच व्यायली. पिल्लं गोड होती, नाही म्हणत नाही. पण धावण्यासाठी जन्मलेल्या जिवाने पाळणाघर किती दिवस चालवायचं?

मग तेजस्विनी आली. खराडीला नोकरी करणारी ही मुलगी. लहानपणीच्या आजारात तिच्या पायांतलं बळ गेलं, जिभेचं मात्र शाबूत राहिलं. तिने मला घरी नेलं, नवं रबर चढवलं आणि रोज पहाटे आम्ही रस्त्यावर. एकदा फिरायला निघालेले एक आजोबा थांबून म्हणाले, "हेल्मेट घातलंय, म्हणजे मुलगी पुण्याची नसावी." तेजस्विनी इतकी हसली की आम्ही दोघी दुभाजकावर आपटता आपटता वाचलो.

यंदा दिव्यांग खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यातच भरली, बालेवाडीला. शंभर मीटरची अंतिम शर्यत नेमकी दसऱ्याच्या सकाळी होती. तेजस्विनी परदेशात दोनदा चौथी आली होती, आणि चौथीला हार घालायला विमानतळावर कोण येणार? एकटी तिची आत्या. या वेळी तिला पदक हवं होतं, तेही घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत.

आत्याचं नाव मथुराबाई. तेजस्विनीला तिनेच वाढवलं. माया करावी तर तिने, पण विचारणं म्हणून काही तिला ठाऊक नाही. नको म्हणेपर्यंत ताटात चौथी पोळी पडलेली असते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. संध्याकाळी तेजस्विनी बालेवाडीला खेळाडूंच्या बैठकीला गेली होती. तेवढ्यात आत्याने मला लख्ख पुसलं, हळदकुंकू वाहिलं आणि नखशिखान्त खोबरेल तेलाचा हात फिरवला. काय सुख वाटलं म्हणून सांगू! ठोसे मारायची रबरी कडी मात्र कोरडीच हवीत, हे मला कळत होतं. पण सांगायला मला तोंड कुठे आहे?

तेजस्विनी दमून आली ती झोपलीच. सकाळी मला कापडात गुंडाळून टेम्पोत चढवलं. मैदानावर तिने सरावाचा पहिला ठोसा मारला आणि हात सर्रकन घसरला. दुसराही घसरला. प्रशिक्षक ऋतुजा मॅडमनी कड्यावर बोट फिरवून हुंगलं आणि त्यांचा चेहराच पडला. कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या आत्याने हे सगळं पाहिलं.

"मीच लावलं, पोरी," ती म्हणाली. "पूजेचं तेल हाय ते."

नवं रबर बसवायला वेळ नव्हता. फडक्याने पुसून तेल हटेना. तेजस्विनी पुन्हा पुन्हा ठोसा मारून बघत होती, आणि हात पुन्हा पुन्हा घसरत होता. आत्याने पदर खोचला, गेटबाहेरची भजीची गाडी गाठली आणि ओंजळभर कोरडं डाळीचं पीठ घेऊन आली. ना मॅडमना विचारलं, ना तेजस्विनीला. बसकण मारून तिने माझी कडी खसाखसा चोळली. पिठाने तेल ओढून घेतलं. मग हाताला पकड यावी म्हणून मॅडमनी वरून राळेची चिकट पूड लावली.

आत्या कठड्याशी परत गेली आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. पोरगी हरली तर ते पाप आपलंच, असं ती शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती.

बंदूक वाजली. पहिला ठोसा घट्ट बसला, आणि माझ्या अंगात वारं शिरलं! थायलंडची पुढे होती, ब्राझीलची तिच्या मागे, आणि केनियाची अगदी आमच्या खांद्याला खांदा लावून. तेजस्विनी दात-ओठ खाऊन हाणत होती. माझं नाक कसंबसं आधी रेषेपार गेलं. तिसरी! कांस्यपदक! लोकांच्या ओरड्याने आत्या वळली आणि रडत रडतच आत आली.

आता विजयाची फेरी मारायची होती, पण तेजस्विनीच्या हातांत ठोसा मारायचंही बळ उरलं नव्हतं. मदतीला धावलेल्या स्वयंसेवकांना तिने हसून नको म्हटलं. आत्याने माझ्या पाठीकडे हात पुढे केले आणि ते मध्येच थांबवले.

"ढकलू का गं?"

इतक्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून असला प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. तेजस्विनीने हातातले मोजे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "ढकल ना, आत्या. सावकाश ढकल, सगळ्यांना दिसू दे."

मी वाऱ्यासारखं पळण्यासाठी घडलेली. पण त्या दिवशी मैदानाची अख्खी चक्कर मुंगीच्या पावलांनी मारली आणि आयुष्यात इतकी कधीच सुखावले नव्हते.

मित्रांनो, आम्हां खुर्च्यांना जपा, माणसांनाही जपा. माया तर भरभरून करा. फक्त हात लावायच्या आधी एकदा विचारा. नको म्हणणारी माणसंसुद्धा मग कधीतरी हो म्हणतात.