पळायची पिशवी

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत सिंधूबाई मुलींना खोल्या देई आणि दोन वेळचं जेवू घाली. पण त्या घरावर खरं राज्य होतं ते दारामागच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीचं. भूकंपात सिंधूबाईचं गावाकडचं घर बसलं, चार वर्षांची लेक महादेवी गेली, तेव्हापासून पिशवी कायम खुंटीला. जमीन हलली की पिशवी उचलायची आणि पळायचं. सातबारा, रेशनकार्ड आणि महादेवी, सगळं त्याच पिशवीत.

महादेवी म्हणजे तिचा फोटो, अख्ख्या जगात एकच. घरातले फोटो होते ते मातीखाली गेले. पण मुरुडच्या नासिरभाईंनी स्टुडिओ बंद करताना जुन्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर चढवल्या, त्यात दिराच्या लग्नाचा फोटो निघाला. आणि कोपऱ्यात, हातात अर्धा लाडू धरून उभी महादेवी! तेवीस वर्षांनी! त्या दिवशी सिंधूबाईनं सगळ्या पोळ्या करपवल्या आणि मुलींनी त्या मुकाट खाल्ल्या.

फोटो पेनड्राइव्हमध्ये आला होता. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी हिमायतनगरची कशिश म्हणाली, "काकू, एकावर भरवसा नको." तिनं दुसऱ्या पेनड्राइव्हवरही उतरवून दिला. सिंधूबाईनं दोन्ही एका रुमालात बांधले आणि पिशवीत टाकले.

"दोन्ही एकाच पिशवीत?" कशिशनं विचारलं.

"मग? पळताना काय दोन पिशव्या धुंडाळत बसू?"

संध्याकाळी तोच फोटो तिला कशिशच्या मोबाइलवर दिसला आणि बाईचा पारा चढला. "गेलेल्या लेकराचा फोटू गावभर फिरवीत नसतेत! पूस आत्ताच्या आत्ता!" पोरीनं तिच्यासमोर पुसला. पुढं परीक्षा झाली, पोर गावाकडं गेली, तरी दोघींत धड बोलणं झालं नाही.

मग एका भर दुपारी भिंती थरथरल्या, मांडणीवरची ताटं खणखणली. "भाईर पळा गं!" सिंधूबाईनं पिशवी ओढली, मुलींना हाकलत जिना उतरली. वाटेत पिशवीचा बंद तुटला आणि पिशवी कठड्यावरून खाली गल्लीत पडली. तिथं शेजारच्या बांधकामाला खडी ओतून एक टिप्पर मागं येत होता. भूकंप कसला नि काय, त्या खडीचाच हादरा होता. टिप्परचं चाक पिशवीवरून गेलं. ड्रायव्हरला तिनं काय काय सुनावलं ते इथं सांगण्याजोगं नाही.

सातबाऱ्यावर चाकाचा ठसा उमटला, पण कागद वाचले. रुमालात मात्र नुसता चुरा होता.

"जाऊ दे," नवरा रामलिंग म्हणाला. "गेली ती कवाच गेली."

"तवा माझ्या हातात काय न्हवतं. आता हाय. मी न्हाई जाऊ देणार."

दुसऱ्या दिवशी ती मुरुडला गेली. नासिरभाईंनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मान खाली घातली. "निगेटिव्ह चिकटून खराब झाल्या, फेकून दिल्या. कॉम्प्युटर भंगारात गेला. माफ करा, भाभी." चहा तसाच निवला.

परतीच्या एसटीत तिला एकच नाव आठवत राहिलं. तिथंही आपणच पुसायला लावलं होतं, स्वतःच्या तोंडानं! तरी स्टँडवर उतरल्या उतरल्या तिनं कशिशला फोन लावला. जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, पण मागितली. "चुकलं माझं, बाय. तुझ्याकडं कुठं ऱ्हायला आसल का गं?"



"काकू, रागावणार न्हाई ना? मोबाइलमधून पुसला, खरं हाय. पण त्याच्या आधीच अम्मीला पाठवला होता. ती म्हणली, माझ्या लेकीला जेवू घालते त्या माउलीचं लेकरू मला बघू दे. अम्मी अजून दुआ मागताना तिचं नाव घेती."

सिंधूबाई स्टँडच्या बाकड्यावर मटकन बसली आणि लोकांसमोर हमसून हमसून रडली. रडणं आवरेस्तोवर फोटो आलासुद्धा. जरा पुसट होता, पण लाडू दिसत होता.

खुंटीला पिशवी आजही आहे. आता तिच्यात फक्त कागद असतात.

दिवाळीला मुली गावाकडं निघाल्या तेव्हा सिंधूबाई दारात आडवी उभी राहिली. हातात मोबाइल. "कंधारची, हिकडं ये. आला का फोटू? दाखव. आता घरच्यांना धाड. धाडल्याबिगर एकीलाबी भाईर सोडणार न्हाई." एसटी चुकायची वेळ आली तरी बाई हलेना.

एका नव्या मुलीनं विचारलं, "कोण हाय ही, काकू?"

"माझी महादेवी. घरी घेऊन जा तिला," सिंधूबाई म्हणाली. "आन आईला सांग, लाडू लई आवडतो तिला."