पलंगाखालची निळी पेटी

शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत दुपारचं काम चालू होतं. शिंपी कापडावर खडूने रेघा ओढत होता, बायको काजं करत होती आणि माहेरी परतलेली मुलगी डाव्या हाताने बटणं निवडत होती. उजवा प्लास्टरमध्ये होता. नवऱ्याने तो दारात चेंगरला होता.

धर्मगुरूंचा हुकूम मात्र सुटला होता. नवऱ्याला सोडणं पाप. रविवारच्या सभेनंतर मुलीने सासरी जायचं. वर ते म्हणाले होते, "परवा ही खिडकीत उभी राहून हसत होती. मला देवाने दाखवलं."

मुलगी हसली होती खरी, मांजराच्या पिल्लाला पाहून. देवाला मोडलेला हात दिसला नाही, हसणं तेवढं बरं दिसलं. शिवाय तेव्हा घरात तिघंच होती. आईच्या मनात पाल चुकचुकली.

मुलगी पाणी आणायला आत गेली, तशी आई हळूच म्हणाली, "अहो, कुठे बोलू नका. पोरीने निळी पेटी भरून पलंगाखाली ठेवलीय. पळून जायचं म्हणतेय."

शिंप्याचा खडू थांबला. संध्याकाळी तो दोरा आणायला म्हणून बाहेर पडला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

रविवारी सभेत धर्मगुरूंनी डोळे मिटले. "मला एक निळी पेटी दिसतेय. पलंगाखाली. हिच्या मनात पाप आहे."

आई उभी राहिली.

"गुरुजी, आमच्या घरात निळी पेटीच नाही. ती थाप मी फक्त ह्यांना मारली होती."

"पोरीच्या भल्यासाठीच सांगितलं गं," शिंपी पुटपुटला.

"देवावर संशय घेतेस?" धर्मगुरूंनी विचारलं.

"देवावर नाही, तुमच्यावर. हात मोडणाऱ्याकडे तिने परत का जायचं, ते आधी पटवून द्या."

बायका एकमेकींकडे चोरून पाहू लागल्या. आईची नजर शेजारणीवर थांबली. गेल्या वर्षी तिच्याही मुलीला असंच परत पाठवलं होतं. ती पोर मग जिवंत दिसली नाही. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"तुझ्या पोरीने लग्नाची अंगठी काढून ठेवलीय, हेही गुरुजींना देवाने सांगितलं नव्हतं," ती शेजारणीला म्हणाली. "मी सांगितलं होतं."

शेजारीण उठून शिंप्याच्या मुलीजवळ गेली आणि तिचा धड हात धरून म्हणाली, "तू जाऊ नकोस."

आईशी मात्र ती एक शब्दही बोलली नाही.